मंगळवार-गुरुवारचं कॉलेज

ऑर्लीना हॅल्कम पहिल्यांदा कॉलेजात गेली तेव्हा तिला सोळा वर्षं पुरी होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. शाळा संपायला अजून दोन वर्षं होती. पाठीवर शाळेचंच दप्तर आणि दप्तरात आईने कागदात गुंडाळून दिलेलं सँडविच. त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. पण केंटकीच्या डोंगरातली ऑगस्टअखेरची ती दुपार, कोळशाच्या ट्रकांनी उडवलेल्या धुळीने राखाडी पडलेली झाडं, आणि शेजारी निळा पिकअप चालवणारे डॅडी हे सगळं तिला अजून असं आठवतं, की आपण आत्ताच गाडीतून उतरलोय असं वाटावं.

कॉलेजचं खूळ काढलं ते मिसेस एव्हरसोलनी. शाळेत मुलांना पुढच्या वाटा सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. वाटा तशा दोनच होत्या, सैन्य नाहीतर खाण, आणि खाणीही एकेक करून बंद पडत होत्या. त्या ऑगस्टात शाळा उघडताच त्यांनी लीनाला बोलावून घेतलं. ऑर्लीना हे नाव आजीचं, ते हजेरीपटापुरतंच. सगळं खोरं तिला लीना म्हणायचं.

"लीना, गणितात आमच्याकडे आता तुला शिकवायला काही उरलं नाही," मिसेस एव्हरसोल म्हणाल्या. "रसायनशास्त्राच्या बाई गेल्या त्या गेल्याच. फुटबॉलचे कोच व्हिडिओ लावतात आणि पहिल्या पाच मिनिटांत स्वतःच घोरतात. ताटात काही नसताना नुसती बोटं चाटत दोन वर्षं बसणार आहेस का?"

"मग काय करू, मिस?"

"मंगळवार-गुरुवार दुपारी शाळेऐवजी कॉलेजात जायचं. तिथले विषय, तिथले शिक्षक. अभ्यास एकच, पण गुण शाळाही धरेल आणि पुढे विद्यापीठही धरेल. दोन वर्षं नेटाने केलंस तर विद्यापीठाचं अख्खं एक वर्ष इथेच, घरचं जेवून, उरकून टाकशील."

संध्याकाळी लीनाने घरी ही बातमी सांगितली तेव्हा पडवीत डॅडी आणि मम्मी घेवड्याच्या शेंगा दोऱ्यात ओवत बसले होते. थंडीसाठी शेंगा अशा माळा करून वाळवायच्या, हा त्यांच्या घरचा दरवर्षीचा उद्योग. डॅडींचं नाव व्हर्लिन. चोवीस वर्षं जमिनीखाली काढून दोन वर्षांपूर्वी ते घरी बसले होते. छातीत धूळ बसलीय, एवढंच ते सांगत. डॉक्टर त्याला मोठं नाव देत. मम्मी, म्हणजे वांडा, गावातल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. घर तिच्या पगारावर आणि डॅडींच्या पेन्शनीवर चालायचं.

"लवकर शिकली की लवकर उडून जाईल," मम्मी शेंगेत सुई खुपसत म्हणाली. "तुझ्या मिसेस एव्हरसोलला काय जातंय! तिची पोर कुठे उडतेय?"

"उडायचीच आहे ना ती?" डॅडी म्हणाले. "मग आधी घरट्याजवळ थोडी फडफडून घेऊ दे. पडली तर उचलायला आपण आहोत."

"आणि नेणार कोण? अठ्ठावीस मैल आहे. माझी गाडी माझ्या ड्यूटीला लागते."

"मी नेतो. घरी बसून खोकतो तो तिथे बसून खोकेन. खोकल्याला काय, जागा चालते कुठलीही." मग लीनाकडे वळून त्यांनी विचारलं, "विषय कुठले घेतलेस?"

"इंग्रजी लेखन. आणि दुसरा..." लीना जरा अडखळली. तिला नर्स व्हायचं होतं, म्हणून जीवशास्त्र हवं होतं, पण तो वर्ग सकाळी भरायचा. दुपारच्या वेळेत बसत होता असा प्रयोगाचा एकच विषय होता. "भूशास्त्र. म्हणजे दगड, डॅडी. खडक, कोळसा, डोंगर कसे झाले ते."

डॅडींना इतकं हसू आलं की खोकल्याची उबळ आली. डोळे पुसत ते म्हणाले, "वांडा, ऐकलंस? चोवीस वर्षं दगडच बघितले गं मी. मला नाही कुणी पदवीचा कागद दिला!"

*

कॉलेज म्हणजे डोंगराच्या कुशीत उभ्या तीन विटकरी इमारती आणि पुढे गाड्यांसाठी मोठं आवार. लीनाला वाटलं होतं, आत सगळी सिनेमातल्यासारखी मुलं असतील. निघाले भलतेच लोक. भूशास्त्राच्या वर्गात बावीस जण, त्यातले निम्मे तिच्या आईबापाच्या वयाचे. खाण बंद पडली म्हणून आलेले, घटस्फोट झाला म्हणून आलेले. तिच्या शेजारी ट्रेवा नावाची बाई बसायची, तीन पोरांची आई, जीभ कात्रीसारखी. पहिल्याच दिवशी तिने लीनाच्या दप्तराकडे बघून विचारलं, "पोरी, चुकून आलीस की घरच्यांनी हाकललं?"

"शाळेतून आलेय. मी अकरावीला आहे."

"अगं बाई! मी अकरावीला होते तेव्हा पहिलं पोर पोटात होतं. तुझं बरंय. पेन्सिल आहे का जास्तीची?"

शिकवायला होत्या मिस लुंडग्रेन. दूर उत्तरेकडच्या मिनेसोटातून आलेल्या, तिशीच्या आतबाहेरच्या, पायात गिर्यारोहकांचे बूट. बोलायच्या भरभर, आणि इथल्या लोकांचं बोलणं त्यांना दोनदा विचारावं लागायचं. पण दगड हातात घेतला की त्यांचा चेहरा उजळायचा. त्या लीनालाही इतरांसारखंच "मिस हॅल्कम" म्हणायच्या. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिला असं मोठ्या माणसासारखं हाकारत होतं. ते ऐकलं की लीनाची पाठ आपोआप ताठ व्हायची.

पण पाठ ताठ झाली तरी टक्केटोणपे खायचे चुकले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात इंग्रजीचा पहिला निबंध परत आला, त्यावर लाल शाईत मोठा 'डी'. शाळेत तिला 'ए'शिवाय दुसरं अक्षर माहीत नव्हतं. खाली सरांनी एकच ओळ लिहिली होती: 'भाषा छान आहे. पण तुला म्हणायचंय काय?'

पिकअपमध्ये बसल्यावर तिने कागद डॅडींच्या मांडीवर टाकला आणि रडायला लागली. "मी नाही येणार पुन्हा. मला जमत नाही. मिसेस एव्हरसोलला सांगा, दुसरी कुणी शोधा म्हणावं."

डॅडींनी कागद वाचला. त्यांना वाचायला वेळ लागायचा. बोट ओळीखाली ठेवून, ओठ हलवत वाचायचे. मग त्यांनी तो नीट घडी करून समोरच्या खणात ठेवला.

"खाणीत नवा गडी आला ना लीना, की पहिल्या दिवशी डोकं आपटतोच छताला. मीही आपटलं. कोंबड्याच्या अंड्याएवढं टेंगूळ होतं."

"कोंबडा अंडं देत नाही, डॅडी."

"बघ, शिकलीस की कॉलेजात काहीतरी!" ते हसले. "एकदा आपटलं की माणूस वाकून चालायला शिकतो. जे घरी बसले त्यांचं डोकं शाबूत आहे, पण त्यांना खाण ठाऊक नाही. गुरुवारी त्या सरांकडे जा. विचार, काय म्हणायचं असतं ते कसं शोधायचं."

ती गेली. सरांनी अर्धा तास समोर बसवून घेतलं आणि निबंध पुन्हा लिहायला लावला. शिक्षकाच्या बंद दारावर टकटक करता येते, आणि आतला माणूस खात नाही, हे तिला सोळाव्या वर्षी कळलं. पुढे विद्यापीठात अठरा-अठरा वर्षांची हुशार मुलं त्या टकटकीला घाबरून नापास होताना तिने पाहिली.

*

डॅडी तीन तास आवारात गाडीत बसून राहायचे. सप्टेंबरात ठीक होतं. काचा खाली करून रेडिओवर बेसबॉल ऐकायचे, डुलकी काढायचे. ऑक्टोबरात गारठा पडला. गार हवेने त्यांची छाती आवळायची, म्हणून ते इमारतीत येऊन दगडांच्या वर्गाबाहेरच्या बंदिस्त व्हरांड्यात उभे राहायला लागले. तिथे काचेचं लांब कपाट होतं, त्यात चिठ्ठ्या लावलेले नमुने. डॅडी टोपी हातात घेऊन एकेक दगड बघत पुढे सरकायचे, शेवटाला पोचले की पुन्हा पहिल्यापासून. मधूनच खोकला यायचा. खोल, ओला, लांबत जाणारा. वर्गाचं दार बंद असलं तरी आत ऐकू यायचा. मग ते रुमाल काढायचे आणि रुमालावर काळं दिसायचं.

लीनाला त्याची लाज वाटायला लागली. ही गोष्ट ती आजही कुणाला सहजासहजी सांगत नाही. घरी, खोऱ्यात, चर्चमध्ये तो खोकला सगळ्यांचाच होता. तिथे त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पण इथे तिला लोक "मिस हॅल्कम" म्हणत होते, आणि व्हरांड्यातून तो आवाज आला की तिला वाटायचं, आता सगळ्यांना आपलं घर दिसलं.

वर्गात मेरिडिथ नावाची एक मुलगी होती, तालुक्याच्या गावातल्या दातांच्या डॉक्टरची. मधल्या सुट्टीत लीना तिच्याबरोबर पाण्याच्या नळाशी उभी होती. मेरिडिथने भुवईनेच कपाटाकडे दाखवलं.

"तो म्हातारा कोण गं? रोज असतो. आणि तो खोकला! अंगावर काटा येतो."

लीना म्हणाली, "कोण जाणे."

डॅडींची पाठ त्यांच्याकडे होती. दहा-बारा पावलांचं अंतर. ते दगड बघत होते, तसेच बघत राहिले. लीनाने मनाला सांगितलं, ऐकू नाही गेलं. खाणीतल्या यंत्रांनी कान अर्धे गेलेत त्यांचे.

नळाशी मागेच उभी असलेली ट्रेवा वर्गात येऊन तिच्याशेजारी बसली. मग पुस्तक उघडता उघडता हळूच म्हणाली, "मागच्या गुरुवारी पाऊस होता ना? तू दारातून गाडीकडे पळालीस तेव्हा त्या 'कोण जाणे'ने स्वतःचा कोट तुझ्या डोक्यावर धरला होता. भिजला बिचारा."

लीनाच्या कानशिलात कुणीतरी मारल्यासारखं झालं. त्या तासाला काय शिकवलं ते तिच्या वहीत नाही. ते पान कोरंच आहे.

परतताना गाडीत डॅडी काही बोलले नाहीत. नेहमी बोलायचे. हे वळण कुणाच्या नावाचं, या ओढ्यात कुणाचा ट्रक गेला. त्या दिवशी फक्त एकदा म्हणाले, "लीना, पुढच्या वेळेपासून मी गाडीतच बसत जाईन म्हणतो. हीटर बरा चालतो हल्ली."

हीटर दोन वर्षांपासून बंद होता. लीनाला माफी मागायची होती. अठ्ठावीस मैल तिने ते शब्द तोंडात घोळवले, पण घर आलं तरी ते तोंडातच राहिले.

*

पुढच्या मंगळवारी हिमाची पहिली भुरभुर झाली. डॅडी गाडीतच बसले. तासाभराने मिस लुंडग्रेन काही आणायला स्वतःच्या गाडीकडे गेल्या, तेव्हा त्यांना निळ्या पिकअपच्या काचेआड कुडकुडणारा माणूस दिसला. व्हरांड्यात कपाटाशी उभा असलेला तो हाच, हे त्यांनी ओळखलं. आत चला म्हणाल्या. डॅडी नको नको म्हणाले. त्या ऐकेनात. मिनेसोटाच्या माणसाला थंडीची थट्टा चालत नाही.

हे सगळं लीनाला नंतर कळलं. तिला दिसलं ते एवढंच, की वर्गाचं दार उघडलं, मिस लुंडग्रेन आत आल्या आणि त्यांच्यामागे उंबऱ्यापाशी, टोपी दोन्ही हातांत धरून, डॅडी उभे राहिले.

"तुम्ही मला बाहेर म्हणालात की कपाटातली एक चिठ्ठी चुकली आहे," मिस लुंडग्रेन म्हणाल्या. त्यांच्या हातात थाळीएवढा गोल दगड होता, कडेने काळा, गुळगुळीत. कपाटातून काढून आणला होता. "कुणीतरी फार पूर्वी यावर 'गोल खडक, मूळ अज्ञात' असं लिहून ठेवलंय. मी इथे नवीन आहे, मीही बदललं नाही. तुम्ही सांगा ना सगळ्यांना."

"मी काय सांगणार, मिस? तुम्ही शिकलेल्या." डॅडींनी घसा खाकरला. "पण तो केटलबॉटम आहे. किटलीचं बूड. आम्ही तेच म्हणतो."

"कुठे सापडतो?"

"छतात. कोळसा काढला की वर जे छत उरतं ना, त्यात असं गोल वर्तुळ दिसतं. चुलीवरच्या किटलीचं बूड खालून बघावं तसं. दिसलं तर बरं. पण धूळ असते, दिवा डोक्यावर असतो, माणूस वर कुठे बघतो?" ते थांबले. श्वास जमवला. "बाकीचं छत पडायचं असलं की आधी बोलतं. कुरकुरतं, माती सांडतं. उंदीर पळतात. हा बोलत नाही. कडेला बघा, कसा तुळतुळीत आहे. त्याला धरून ठेवणारं काहीच नसतं. सरळ खाली येतो. चार-पाचशे पौंडांचा असतो कधीकधी."

ट्रेवाने पेन्सिल खाली ठेवली.

"माझा भाऊ एस्टिल," डॅडी म्हणाले, "एकोणऐंशी साली. माझ्यापासून चार फुटांवर उभा होता. त्याचं लग्न ठरलं होतं, त्यावरून मी त्याची चेष्टा करत होतो. तो उत्तर द्यायला वळला, आणि..." त्यांनी टोपी फिरवली. "उत्तर आलं नाही."

एस्टिलकाका छत पडून गेले, एवढंच घरात बोललं जायचं. डॅडी तिथे होते, चार फुटांवर होते, हे लीनाला कुणी कधी सांगितलं नव्हतं. वर्गभर परक्या माणसांबरोबर तिने ते पहिल्यांदा ऐकलं.

मिस लुंडग्रेननी दगडाची काळी कड उजेडाकडे वळवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हे काय आहे ते तुम्हाला माहीत आहे का? म्हणजे, आधी काय होतं ते?"

"दगड. दुसरं काय?"

"झाड होतं. तीस कोटी वर्षांपूर्वी इथे डोंगर नव्हते, दलदल होती. त्यात उंचच उंच झाडं. पूर आला, झाडं उभीच्या उभी गाळात पुरली गेली. आतला गाभा कुजला, त्या पोकळीत गाळ भरला, त्याचा खडक झाला. आणि बाहेरची साल होती, तिचा कोळसा झाला. हा काळा थर म्हणजे ती साल. सालीमुळेच तो आजूबाजूच्या खडकाला चिकटत नाही आणि सुटून पडतो."

डॅडींनी हात पुढे केला. मिस लुंडग्रेननी दगड त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठा त्या काळ्या कडेवरून फिरवला, एकदा, दोनदा.

"झाड होतं होय," ते स्वतःशीच म्हणाले. "अठरा वर्षं मी याला शिव्या घालतोय. मला वाटायचं, देवाने मुद्दाम टपून ठेवलेला गोळा आहे. झाड होतं."

मागच्या बाकावरच्या एका बेकार खाणकामगाराने डोळे पुसले. मिस लुंडग्रेननी विचारलं, "माफ करा, मी तुमचं नावही विचारलं नाही. तुम्ही इथे कुणाबरोबर येता?"

डॅडींची नजर वर्गावरून फिरली. लीनावर आली, आणि तिथे न थांबता पुढे गेली. "मी असाच येतो, मिस. कुणालातरी सोडायला."

त्यांनी ऐकलं होतं. त्या दिवशी नळाशी ती जे बोलली ते त्यांनी ऐकलं होतं, आणि आत्ता भर वर्गात ते तिची लाज राखत होते.

लीना उठली. खुर्ची मागे पडली, मोठा आवाज झाला.

"ते माझे डॅडी आहेत," ती म्हणाली. "व्हर्लिन हॅल्कम. मला सोडायला येतात. अठ्ठावीस मैल."

ट्रेवाने शेजारच्या खुर्चीवरचं आपलं दप्तर उचलून खाली ठेवलं. "मग उभे का आहात, मिस्टर हॅल्कम? या, बसा. ही खुर्ची मला फारशी आवडत नव्हतीच."

*

तेव्हापासून डॅडी वर्गातच बसायला लागले. नाव नोंदवा म्हणून मिस लुंडग्रेननी तीनदा सांगितलं. डॅडी म्हणाले, परीक्षा द्यायचं माझं वय नाही, ऐकायला मिळतंय ते पुष्कळ आहे. घरी ते लीनाचं पुस्तक घेऊन बसायचे, बोट ओळीखाली ठेवून. मध्येच ओरडायचे, "लीना, इथे चुकीचं लिहिलंय!" आणि पाच मिनिटांनी, "नाही गं, बरोबर आहे. मीच चुकीचं खणत होतो." मम्मी डोक्याला हात लावायची. "दोघं विद्यार्थी झालेत घरात. भांडी घासायला मी एकटी अडाणी!"

वसंतात सगळा वर्ग महामार्गासाठी कापलेला डोंगर बघायला गेला. मिस लुंडग्रेन थरांची नावं सांगत होत्या आणि डॅडी त्या थरांमधला कुठला कोळसा जाळायला चांगला, कुठल्यात पाणी लागतं, ते सांगत होते. परतताना मेरिडिथ लीनाशेजारी येऊन चालू लागली. जरा वेळाने म्हणाली, "त्या दिवशी मी म्हातारा म्हणाले. मला माहीत नव्हतं."

"मला तर माहीत होतं," लीना म्हणाली.

डॅडींची माफी तिने मागितली, पण फार उशिरा, जूनमध्ये, परसात मक्याला माती लावताना. ते म्हणाले, "कशाबद्दल?" तिने सांगितलं. ते म्हणाले, "मला आठवत नाही," आणि पुढच्या रोपाकडे वळले. त्यांना सगळं आठवत होतं.

दोन वर्षांत तिने कॉलेजचे दहा विषय केले. नर्स व्हायचं मागे पडलं. तिला आता दगडच हवे होते. विद्यापीठ तीन तासांवर होतं. तिच्या खोऱ्यातून तिच्याबरोबर आणखी दोघी गेल्या होत्या, चांगल्या हुशार, आणि दोघीही नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला घरी आल्या त्या परत गेल्याच नाहीत. पहिल्यांदा वाईट गुण मिळाले आणि उचलायला जवळ कुणी नव्हतं. लीनाचं टेंगूळ केव्हाच बसलं होतं. आणि पदरात एक वर्ष आधीचंच असल्याने चारऐवजी तीन वर्षांत, दोन हजार दोनच्या मे महिन्यात, ती पदवी घ्यायला उभी राहिली.

डॅडी आले. नाकाला नळी, हातात ऑक्सिजनची छोटी टाकी. चाकांची खुर्ची देऊ केली तर म्हणाले, मी चालत आत गेलो नाही असं एकही ठिकाण नाही. ऑर्लीना हॅल्कम हे नाव पुकारलं तेव्हा त्यांना टाळ्या वाजवता येईनात, हात टाकीत अडकलेले. मम्मीने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की पुढच्या सात-आठ रांगा वळून बघायला लागल्या. "काय बघता?" ती म्हणाली. "पोरगी आहे आमची."

लीनाला घरापासून चाळीस मिनिटांवर नोकरी लागली, सरकारी खाण-तपासणी खात्यात, छतांचे नकाशे करायची. ती घरीच राहायला आली. पुढच्या फेब्रुवारीत डॅडी गेले.

आता ती त्याच कॉलेजात शिकवते. शाळेतली मुलं येतात दर मंगळवारी-गुरुवारी. पालकांच्या सभेत दरवर्षी कुणीतरी बाप उभा राहतो आणि विचारतो, "मॅडम, एवढी घाई कशाला? पोरांना पोरांसारखं राहू द्या की!" ती शांतपणे उत्तर देते. खर्च वाचतो, भीती मोडते, पुढे जाऊन मुलं परत फिरत नाहीत, आपल्याला काय आवडतं ते लवकर कळतं. सगळं खरंच असतं. माना डोलतात.

जे ती सांगत नाही ते असं आहे. चार वर्षांच्या शिरस्त्याने गेली असती, तर दोन हजार दोनच्या ऑक्टोबरात ती तीन तासांवरच्या वसतिगृहात परीक्षेचा अभ्यास करत बसली असती. त्याऐवजी रोज कामावरून आली की ती डॅडींना गाडीत घालून फिरायला न्यायची. आता ती चालवायची, ते शेजारी बसायचे. डोंगर लाल-पिवळे झाले होते. एका रविवारी वरच्या खिंडीत गाडी थांबवल्यावर बोलता बोलता त्यांना झोप लागली, डोकं तिच्या खांद्यावर आलं. श्वास संथ चालला होता, टाकीचा बारीक सुस्कारा ऐकू येत होता. तिने इंजिन बंद केलं. खाली खोऱ्यात कुणाच्यातरी अंगणात वाळल्या पानांचा धूर चढत होता. उजेड उतरेपर्यंत ती तशीच बसून राहिली, खांदा बधिर झाला तरी हलली नाही. तिला कुठेही जायचं नव्हतं.